‘माझा विश्वास खोटाच होता का?’ प्युरिटन पुस्तक वाचून घाबरलेल्या ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट समजला आहे की नाही ते तुम्हाला पाहता येईल. तुमचा बाप्तिस्मा होऊन बारा वर्षं झाली. गेली दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंचं सगळं तुम्हीच करता, रात्री तीन-चारदा उठावं लागतं. दिवसा एखाद्या बारीकशा गोष्टीवरून त्यांना तोडून बोलता, मग मोरीत जाऊन रडता, देवाकडे क्षमा मागता, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. प्रार्थनेला बसलं की आत काहीच हलत नाही. अशात कुणीतरी मॅथ्यू मीड या प्युरिटन पाळकांचं (प्युरिटन म्हणजे सोळाव्या-सतराव्या शतकातले, चर्चच्या शुद्धीसाठी झटणारे इंग्लिश प्रॉटेस्टंट), ‘जवळजवळ ख्रिस्ती’ असलेल्या माणसाबद्दलचं पुस्तक मोबाइलवर पाठवलं. ते तुम्ही रात्री जागून वाचलंत आणि आपण कधी विश्वासणारे नव्हतोच, ही भीती मनात घर करून बसली. काही महिने तुम्ही प्रभुभोजन, म्हणजे मंडळीतला भाकर आणि द्राक्षारसाचा विधी, घेतलेलं नाही. तुम्ही विचारता, प्युरिटन लोक एवढे कठोर का होते, आणि त्यांचं खरं असेल तर माझ्यासारखीला आशा आहे का?

मी पाळकाचं काम करतो. अशी भीती घेऊन येणाऱ्या माणसांशी बोलणं हा त्या कामाचा मोठा भाग आहे आणि प्युरिटन पुस्तकं मी त्यासाठीच सर्वांत जास्त वापरत आलो आहे. म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो: हो, आशा आहे, आणि ती सर्वांत ठामपणे या प्युरिटन पाळकांनीच सांगितली आहे. तुमच्या हातात त्यांचं दुसऱ्या रोगावरचं औषध पडलं, एवढंच.

मीड यांचे ते उपदेश 1661 च्या सुमाराचे, लंडनमधले. प्रेषितांची कृत्ये 26:28 मधला राजा अग्रिप्पा पौलाचं ऐकून ‘जवळजवळ’ ख्रिस्ती होतो, त्या वचनावरचे. माणूस ज्ञान, प्रार्थना, दानधर्म, पापाची हळहळ अशा वीस बाबतींत किती पुढे जाऊ शकतो आणि तरी बाहेरच राहू शकतो, हे ते एकेक करून दाखवतात. हा उपदेश कुणासाठी होता? वर्षानुवर्षं चर्चच्या बाकावर निवांत बसलेल्या, स्वतःबद्दल कधीच शंका न आलेल्या माणसासाठी. त्याला हलवायचं होतं. तुम्ही आधीच मुळापासून हललेल्या आहात. तुमच्या हाती तो वीस कलमांचा तक्ता म्हणजे जखमेवर मीठ. प्युरिटन पाळक हा फरक फार काटेकोरपणे पाळत. समोरचा माणूस निर्ढावलेला आहे की चेपलेला, हे पाहिल्याशिवाय कोणतं वचन द्यायचं ते ठरवू नये, असं विल्यम पर्किन्स हे प्युरिटन पाळक तरुण पाळकांना शिकवत. मोबाइलवर पीडीएफ पाठवणाऱ्याला ते पाहता येत नाही.

तरी हेही कबूल केलं पाहिजे की प्युरिटन उपदेशामुळे घाबरलेली माणसं त्या काळातही होती. स्वतःची परीक्षा करा, कृपेच्या खुणा शोधा, असं सतत ऐकून काहींची नजर आतच अडकली. थॉमस गुडविन त्यातलेच. केंब्रिजमधला हुशार तरुण, सात वर्षं स्वतःच्या अंतःकरणात खुणा शोधत राहिला आणि त्याला समाधान मिळालं नाही. पुढे नजर ख्रिस्ताकडे वळली तेव्हा मन शांत झालं. रिचर्ड सिब्स या ज्येष्ठ प्युरिटन पाळकांनी त्याला सांगितल्याचं बोललं जातं की, तरुणा, तुला कुणाचं भलं करायचं असेल तर ख्रिस्तातल्या देवाच्या मोफत कृपेचा उपदेश कर. गुडविननी तेच केलं. सात वर्षं अंधारात चाचपडलेला माणूस इतरांच्या अंधाराबद्दल लिहितो तेव्हा त्यात कोरडेपणा नसतो. त्यांचं 1636 चं पुस्तक यशया 50:10 वर आहे: परमेश्वराचं भय बाळगणारा, त्याच्या सेवकाचं ऐकणारा माणूस, आणि तरी अंधारात चालतो, प्रकाश नाही. गुडविन दाखवतात की शास्त्र या माणसाला देवाचंच मूल म्हणतं. प्रकाश नाही म्हणून तो बाहेरचा ठरत नाही. त्याला सांगितलं आहे ते एवढंच की परमेश्वराच्या नामावर भिस्त ठेव.

तुमच्या प्रश्नाचा गाभा इथे आहे. विश्वास असणं आणि विश्वास असल्याची खात्री वाटणं, या दोन गोष्टी तुमच्या मनात एकच झाल्या आहेत. खात्री गेली म्हणून विश्वासही गेला असणार, किंवा कधी नव्हताच, असा हिशेब तुम्ही मांडलात. प्युरिटनांनी हा हिशेब चुकीचा असल्याचं लेखी मांडून ठेवलं आहे. लंडनमधल्या वेस्टमिन्स्टर इथे जमलेल्या पाळकांनी 1646 साली जो विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या शिकवणीचा लेखी जाहीरनामा, पूर्ण केला, त्याचा अठरावा अध्याय खात्रीवर आहे. खरा विश्वासणारासुद्धा ही खात्री मिळेपर्यंत दीर्घकाळ वाट पाहू शकतो आणि पुष्कळ अडचणींशी झगडू शकतो, असं तो म्हणतो. मिळालेली खात्री डळमळू शकते, कमी होऊ शकते, काही काळ नाहीशीही होऊ शकते, आणि त्याची कारणंही तो देतो: हयगय, एखादं विशिष्ट पाप, अचानक आलेला मोह, देवाने आपल्या मुखाचा प्रकाश काही काळ झाकणं. मात्र देवाचं बीज, ख्रिस्तावरची आणि बंधुजनांवरची प्रीती, मनाचा प्रामाणिकपणा यांना असा माणूस पूर्ण पारखा कधीच होत नाही, असंही तिथेच लिहिलं आहे. हा अध्याय मी लोकांसमोर वाचतो तेव्हा बरेच जण म्हणतात, हे कुणी आधी का नाही सांगितलं?

आता तुमच्या बाबतीत कारण कोणतं, हे इथून सांगणं मला शक्य नाही. ते परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची मंडळी कोणती ते तुम्ही लिहिलेलं नाही. तारण, म्हणजे पापातून मिळालेली सुटका, गमावता येतं अशी शिकवण असलेल्या मंडळीत वाढला असाल तर तुमची भीती थोडी वेगळ्या वळणाची असेल. मग माझं उत्तर तुमच्या पाळकांसमोर ठेवून त्यांच्याशी बोला. मी स्वतः प्युरिटनांच्या बाजूचा आहे: देव ज्याला धरतो त्याला सोडत नाही. पण खाली जे लिहितो आहे त्यातलं बहुतेक कोणत्याही मंडळीत खरं आहे.

माझ्याकडे कुणी असा प्रश्न घेऊन आलं की मी आधी झोपेबद्दल विचारतो. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण ही सवय मला रिचर्ड बॅक्स्टरकडून लागली. ते इंग्लंडमधल्या किडरमिन्स्टर गावचे प्युरिटन पाळक. गावात वैद्य नव्हता म्हणून काही वर्षं औषधपाणीही तेच करत, त्यामुळे शरीर आणि मन एकमेकांत किती गुंतलेलं असतं हे त्यांनी रोज पाहिलं होतं. खिन्नतेच्या रोगावर त्यांनी लिहिलेला दीर्घ उपदेश आजही वाचण्यासारखा आहे. असा माणूस स्वतःबद्दल जे निष्कर्ष काढतो ते पुष्कळदा रोगाचे असतात, असं ते स्पष्ट सांगतात. त्याने एकांतात फार वेळ विचार करत बसू नये, लांबलचक मनन करू नये, प्रार्थना थोडक्यात करावी, चार चांगल्या माणसांत राहावं, हाताला काम असावं, आणि गरज असेल तर वैद्याचं औषध घ्यावं. कृपा आणि औषध यांत त्यांना विरोध दिसला नाही.

दोन वर्षं रात्री तुटक झोप घेणाऱ्या बाईला प्रार्थनेत काही वाटत नसेल, तर ते विश्वास नसल्याचं लक्षण मानायच्या आधी तिला झोप मिळाली पाहिजे. तुमचे यजमान, दीर, नणंद, जे कुणी असतील त्यांना आठवड्यातल्या निदान दोन-तीन रात्री वाटून घ्यायला सांगा. पाळकांना सांगा, मंडळीतल्या बहिणी दुपारी येऊन बसू शकतात. आणि डॉक्टरांना भेटा. भूक, झोप, रडू येणं, कशातच मन न लागणं, हे सगळं त्यांना सांगा. जगू नये असे विचार कधी आले असतील, तर हे वाचणं बाजूला ठेवून आजच कुणाला तरी जवळ बसवा, डॉक्टर गाठा किंवा टेलि-मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर बोला.

मग मी विचारतो, काही लपवलेलं आहे का? कारण खात्री जाण्याचं एक कारण असंही असतं की माणसाने एखादं पाप कवटाळून ठेवलेलं असतं आणि ते सोडायची तयारी नसते. तिथे सांत्वन द्यायची घाई प्युरिटन करत नसत आणि मीही करत नाही. तुमच्या पत्रात मला ते दिसत नाही. तुम्ही तोडून बोलता, हे पाप आहे. थकव्यामुळे ते पाप नाहीसं होत नाही. पण तुम्ही त्याचं समर्थन करत नाही, त्याच्यावर रडता, ते सुटावं म्हणून धडपडता. लपवलेलं आणखी काही असेल तर ते तुमच्या पाळकांना किंवा एखाद्या प्रौढ, भरवशाच्या भगिनीला समोरासमोर सांगा.

पर्किन्स यांचं 1597 चं एक छोटंसं पुस्तक आहे, मोहरीच्या दाण्याबद्दल. तारणाला पुरेल अशी कमीत कमी कृपा किती असते, हा त्याचा विषय. खिळखिळ्या मनाच्या माणसासाठी याहून नेमका विषय कुणी निवडला असेल असं मला वाटत नाही. ते म्हणतात की पापाच्या जाणिवेने हललेल्या मनात देवाशी समेट व्हावा, विश्वास ठेवता यावा, पश्चात्ताप करता यावा अशी मनापासूनची आणि टिकून राहणारी इच्छा असेल, तर देव ती इच्छाच समेट, विश्वास आणि पश्चात्ताप म्हणून स्वीकारतो. हे वाक्य सावकाश वाचा. इच्छा नुसती चुटपुटती नको, टिकणारी हवी, ही अट त्यात आहे. पण ‘मला विश्वास ठेवायचा आहे आणि जमत नाही’ म्हणून कित्येक महिने तळमळणाऱ्या माणसाकडे ती इच्छा नाही, असं कोण म्हणेल? मार्क 9:24 मधला तो बाप तेच ओरडला: माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. त्याच दिवशी त्याचा मुलगा बरा झाला.

सिब्स यांचं नाव वर आलं. लंडनच्या ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेत ते उपदेश करत. 1630 साली त्यांचं जे पुस्तक निघालं ते यशया 42:3 वर: चेपलेला बोरू तो मोडणार नाही, मिणमिणती वात तो विझवणार नाही. एका गरीब फेरीवाल्याकडून बॅक्स्टरच्या वडिलांनी ते दारातच विकत घेतलं होतं आणि पोरसवदा बॅक्स्टरला त्यातून देवाच्या प्रीतीची पहिली स्पष्ट ओळख झाली. तुम्हाला एकच प्युरिटन पुस्तक सुचवायचं तर मी हेच सुचवेन. इंग्रजी जुनं आहे, पण मीड वाचू शकलात तर हे नक्की वाचाल.

सिब्स मिणमिणत्या वातीकडे अगदी जवळून बघतात. उजेड थोडा, धूर जास्त. धुराने डोळे चुरचुरतात, खोलीत वास भरतो. कुणीही म्हणेल, विझवून टाक. ख्रिस्त विझवत नाही, कारण त्या धुरात जी ठिणगी आहे ती त्यानेच लावलेली आहे. तो तिला फुंकर घालतो. मग सिब्स सांगतात की स्वतःचा न्याय करताना दोन डोळे हवेत, एक आपल्यातली उणीव पाहणारा आणि दुसरा आपल्यात जे चांगलं आहे ते पाहणारा. आणि मोहाच्या काळात, त्या क्षणी मनाला जे वाटतं त्यावरून न्याय करूच नये, कारण तेव्हा अविश्वासाच्या धुराशिवाय काही दिसत नाही. विस्तव राखेखाली असू शकतो, दिसत नाही म्हणून तो विझलेला नसतो. ताई, तुम्ही स्वतःचा न्याय कधी केलात? रात्री दोन वाजता, सासूबाईंना कूस बदलून देऊन झाल्यावर, मोबाइलच्या उजेडात. तो निकाल मी तरी मानणार नाही.

त्याच पुस्तकात सिब्स म्हणतात की आपल्यात जेवढं पाप आहे त्यापेक्षा ख्रिस्तात दया जास्त आहे. लोकांना हे पाठ असतं, पण तुमच्या बाबतीत अडतं ते पुढे. तुम्हाला वाटतं, दया आहे, पण तेच पाप शंभरदा करणाऱ्याबद्दल तो वैतागला असेल. याला सर्वांत थेट उत्तर गुडविननी दिलं. त्यांचं एक पुस्तक, स्वर्गात गेलेल्या ख्रिस्ताचं मन पृथ्वीवरच्या पाप्यांबद्दल आज कसं आहे, यावर आहे. वचन इब्री 4:15, आपल्या दुर्बलतेबद्दल सहानुभूती वाटणारा प्रमुख याजक. ते म्हणतात, तुमच्या पापांनी त्याला राग येतो त्याहून त्याची कणव अधिक हलते. किळसवाणा रोग झालेल्या लेकराकडे बाप बघतो तसं. रोगाचा त्याला तिटकारा असतो, आणि तो जितका वाढतो तितका बाप लेकराकडे अधिक ओढला जातो. त्याचा सगळा राग रोगावर, लेकराला त्यातून सोडवण्यासाठी. ज्या पापाचा तुम्हाला तिटकारा आहे त्याच पापाच्या विरुद्ध तो तुमच्या बाजूने उभा आहे.

जॉन बन्यन हे प्युरिटन लेखक तुम्हाला बहुधा माहीत असतील. त्यांची यात्रेकरूची गोष्ट हरि केशवजींनी 1841 मध्येच मराठीत आणली. पण तुमच्यासाठी महत्त्वाची आहे ती त्यांची स्वतःची कहाणी, बेडफर्डच्या तुरुंगात असताना 1666 साली छापून आलेली. ‘ख्रिस्ताला विकून टाक’ हा विचार त्यांच्या मनात दिवसरात्र घोळत असे. एकदा थकून मनात आलं, जायचं तर जाऊ दे त्याला. त्यानंतर आपण बायबलमधल्या एसावासारखे वारसा विकून बसलो, आता क्षमा नाही, या भीतीत ते फार काळ पोळले. मग एके दिवशी शेतातून जाताना वाक्य मनात उमटलं की तुझं नीतिमत्त्व स्वर्गात आहे. देवाच्या उजवीकडे बसलेला येशू हेच आपलं नीतिमत्त्व, तो काल, आज आणि युगानुयुग तोच आहे. माझं मन चांगलं असलं म्हणून ते वाढत नाही आणि मन वाईट असलं म्हणून ते कमी होत नाही, हे बन्यनना त्या दिवशी दिसलं.

पुढे योहान 6:37 वर त्यांनी एक आख्खं पुस्तक लिहिलं: जो माझ्याकडे येतो त्याला मी मुळीच घालवणार नाही. त्यातला एक भाग मी लोकांसोबत मोठ्याने वाचतो. मी एक ओळ वाचतो, समोरचा दुसरी. पण मी मोठा पापी आहे. मुळीच घालवणार नाही, ख्रिस्त म्हणतो. पण मी जुना पापी आहे. मुळीच घालवणार नाही. पण माझं मन दगड झालं आहे. पण मी मागे फिरलो. पण मी उजेड असून पाप केलं, कृपा असून पाप केलं. पण माझ्याकडे आणायला काही चांगलं नाहीच. प्रत्येक वेळी तेच उत्तर. तुमची स्वतःची ओळ त्यात घाला, ‘पण मी पुन्हा सासूबाईंना बोलले’, आणि उत्तर मोठ्याने म्हणा. मनात म्हणू नका. तुमचं मन सध्या फार बोलतं आहे, कानांनाही ऐकू द्या.

राहिलं प्रभुभोजन. तुम्ही दूर राहिलात ते आदरापोटी, हे मला कळतं. पण वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत 172 वा प्रश्न जणू तुमचाच आहे: आपण ख्रिस्तात आहोत की नाही याची ज्याला शंका आहे, त्याने प्रभुभोजनाला यावं का? उत्तर असं की त्याला खात्री नसली तरी तो खरोखर ख्रिस्ताचा असू शकतो. ही उणीव ज्याला बोचते, ख्रिस्तात सापडावं आणि अधर्म सोडावा अशी ज्याची निष्कपट इच्छा आहे, त्याने आपल्या अविश्वासाबद्दल शोक करावा, शंकानिरसनासाठी झटावं, आणि असं करत असताना तो येऊ शकतो, त्याने आलंच पाहिजे, म्हणजे त्याला आणखी बळ मिळेल. ते मेज दुबळ्यांना बळ देण्यासाठीच आहे. 1 करिंथ 11:28 मध्येही पौल म्हणतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करावी आणि बाकावर बसून राहावं, असं तो म्हणत नाही.

म्हणून माझं सांगणं असं. मीड सध्या बाजूला ठेवा. ते पुस्तक वाईट नाही, तुमच्यासाठी आत्ता नाही. परीक्षेचा तो तक्ता निदान झोप सुधारेपर्यंत उघडू नका. प्रार्थना पाच मिनिटांची चालेल, स्तोत्र 130 वाचून संपवली तरी चालेल. त्यातल्या चौथ्या वचनावर, ‘तुझ्या ठायी क्षमा आहे’ यावर, जॉन ओवेन या प्युरिटन पाळकांनी त्या स्तोत्राच्या विवरणाची बहुतेक पानं खर्च केली आहेत. तुम्हीही तिथे थांबलात तर काही बिघडत नाही. तोडून बोललात की मोरीत जाण्याआधी सासूबाईंच्या खाटेशी जा आणि ‘आई, माझं चुकलं’ एवढं म्हणा. त्या काय म्हणतील ते म्हणू देत. पुढचं प्रभुभोजन कधी आहे ते पाळकांना विचारा आणि त्याच्या आधी तासभर त्यांना भेटून मला लिहिलं ते सगळं सांगा. त्या रविवारी घरी सासूबाईंजवळ कोण बसेल, ते आजच ठरवून टाका.